उन्हाळ्यांतील जलाशय, गाळपेर आणि तेथील पक्षी

पक्षी पाहावयाचे ते हिवाळ्यांत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येणारीं बदकें व हंस पाहण्यासाठीं शहरांतील मंडळी दुर्बिणी घेऊन उजनीच्या कांठीं भिगवणास किंवा नांदूर-मधमेश्वरास जातात, आणि होळी झाली कीं हा ओघ आटतो. पुढील तीन महिने तळ्याच्या कांठीं जो मनुष्य रोज उभा असतो तो शेतकरी होय. पाणी मागें सरकेल तसतशी विजेची मोटार पुढें न्यावयाची, पाइपाचे तुकडे वाढवावयाचे, उघड्या पडलेल्या जमिनींत कडवळ किंवा कलिंगड लावावयाचें, जनावरें पाण्यावर न्यावयाचीं, या कामांसाठीं त्याला तेथें जावेंच लागतें. उन्हाळ्यांतील तळें जितकें तो पाहतो तितकें दुसरें कोणी पाहत नाहीं. म्हणून त्यानें तेथें आणखी काय पाहावें, आणि तें पाहिल्यानें कोणतें नुकसान टळण्यासारखें आहे, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

लोणारसारखा अपवाद सोडल्यास दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरें जवळजवळ नाहींतच. जे मोठे जलाशय आज आपण पाहतों ते माणसानें बांधलेले. मुठेवरील खडकवासल्याचा तलाव १८७९ सालचा. भाटघरचें सध्याचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. गोदावरीवरील पैठणचा नाथसागर १९७६ सालचा आणि भीमेवरील उजनीचा यशवंतसागर १९८० सालचा. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून खेडोपाडीं जे पाझर तलाव झाले ते याखेरीज. उजनीच्या पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४९७ मीटर, म्हणजे सोळाशें फुटांहून अधिक उंच आहे. अशा उंच, उघड्या व वाऱ्याच्या माळावर एप्रिल-मे महिन्यांत पाणी झपाट्यानें उतरतें. केवळ उन्हानें व वाऱ्यानें रोज पाऊण-एक सेंटिमीटर पाण्याची वाफ होते. कालव्यांतून, नदीपात्रांत सोडल्यानें व उपशानें जातें तें वेगळें. जेथें कांठाचा उतार शंभर फुटांस एक फूट इतका सौम्य आहे, तेथें पाणी एक इंच उतरतांच सव्वाआठ फूट जमीन उघडी पडते. पंधरवड्यांत तळ्याचा नकाशाच बदलून जातो.

उजनीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या धरणाचा एकूण सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकीं अर्ध्याहून अधिक, म्हणजे सुमारें ६३ अब्ज घनफूट, मृतसांठा आहे. कालव्यांना मिळणारें पाणी संपलें कीं वर्तमानपत्रांत सांठा 'उणे' झाल्याचे आंकडे येऊं लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत हा आंकडा उणे पन्नास टक्क्यांच्याहि खालीं गेला होता. पळसदेवचें जुनें मंदिर पाण्याबाहेर दिसूं लागलें कीं कांठचा मनुष्य आंकडा न विचारतां काय तें समजतो. माणसाच्या हिशेबीं हें पाणी उणें असलें तरी पाखरांचा सारा उन्हाळा याच उण्या पाण्यावर चालतो.

मार्च सरेपर्यंत पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून तिबेट व लडाखच्या बाजूस निघून जातात. चक्रवाकांची जोडपींहि त्याच सुमारास दिसेनाशीं होतात. तलवार बदकें, थापटे, भिवया यांचे उरलेसुरले थवे एप्रिलच्या मध्यापर्यंत रेंगाळतात. ज्वारीच्या हंगामांत ज्यांनीं आपणांस गोफण घेऊन माळ्यावर चढविलें त्या भोरड्याहि याच वेळीं मध्य आशियाच्या वाटेस लागतात. तेथें त्या टोळांवर आपलीं पिल्लें पोसतात, हें कळल्यावर त्यांच्यावरील राग थोडा तरी निवावा. मागें राहतात ते बहुतेक येथलेच रहिवासी: हळदीकुंकू बदक, टिबुकली, पाणकावळे, कवड्या खंड्या, आणि कपाळीं पांढरा टिळा लावलेले कांहीं काळे वारकरी. पाहुण्यांपैकीं रोहित मात्र लवकर निघत नाहींत. पाणी उथळ होऊन चिखल वर आला कीं त्यांच्या चाळणीसारख्या चोंचींस तोच सुगीचा काळ, म्हणून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचे थवे उजनीवर दिसतात.

चित्रबलाकांचेंहि तसेंच आहे. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारांतील झाडांवर व भिगवणजवळील भादलवाडीच्या तलावांत त्यांची वसाहत उन्हाळ्यांत भरलेली असते. ऐन उन्हांत पिल्लें काढण्याचें हें वेड कशासाठीं, असें वाटेल. पण आटत्या पाण्यांत मासे दाटीनें अडकलेले असतात व उथळ पाण्यांत चोंच उघडी धरून चालणाऱ्या या पक्ष्याला ते विनासायास सांपडतात. पिल्लांच्या भुकेचा काळ त्यानें धरणाच्या उतरत्या पाण्याशीं जुळवून घेतला आहे. झाडावरील या वसाहतींस शेतीच्या कामापासून फारसा उपद्रव नसल्यामुळें त्यांविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

आमचा मुख्य विषय आहे तो जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पक्ष्यांचा. त्यांत नदी सुरय प्रमुख होय. राखी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोंच, आखूड तांबडे पाय व कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी, अशा या पक्ष्यास पाण्यावर सूर मारतांना ज्यानें एकदां पाहिलें तो त्याला विसरणार नाहीं. दुसरा छोटा आर्ली. हा चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्या रंगाचा, पाकोळीसारखा उडणारा. दिवे लागणीच्या वेळीं पाण्यावर व शेतांवर यांचे थवे भुंगेरे, वाळवीचे पंखवाले किडे व पतंग उडतां उडतां टिपतात. याशिवाय कंठेरी चिखल्या, टिटवी, काड्यांसारख्या लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, आणि खडकाळ बेट असेल तर तेथें मोठा करवानक. यांपैकीं झाडावर घरटें बांधणारा कोणी नाहीं. वाळूंत किंवा वाळलेल्या गाळांत छातीनें उथळ खळगा करावयाचा, फार तर भोंवतीं चार खडे किंवा काड्या मांडावयाच्या, आणि त्यांत दोन-तीन, टिटवी व शेकाट्या यांनीं चार, अंडीं घालावयाचीं, एवढाच यांचा संसार. अंड्यांचा रंग मातीचाच असून त्यांवर काळपट ठिपके असतात. पांच पावलांवरूनहि तीं ओळखूं येत नाहींत. पायाखालीं आलीं म्हणजे मग कळतें.

पूर्वीं हे पक्षी भीमा, गोदावरी, कृष्णा यांच्या वाळवंटांत पिल्लें काढीत. आतां पुष्कळ ठिकाणीं नदीच्या पात्रांतील वाळूच उपसून नेली गेली आहे, आणि जी आहे तिच्यावर दिवसरात्र वाहनांची ये-जा असते. त्यामुळें जलाशयाचा उन्हाळ्यांत उघडा पडणारा तळ हीच त्यांना मोठी मोकळी जागा उरली आहे. नदी सुरयाची गणना जगांतील धोक्यांत आलेल्या पक्ष्यांत आतां होऊं लागली आहे, हें लक्षांत घेतां आपल्या तळ्यावर त्यांचीं दहा घरटीं असलीं तरी तीं किरकोळ म्हणतां येणार नाहींत.

अडचण आहे ती वेळेची. सुरयाचीं अंडीं मार्चपासून मेपर्यंत सांपडतात. तीं उबण्यास सुमारें तीन आठवडे व पिल्लांच्या पंखांत बळ येण्यास आणखी सुमारें एक महिना लागतो. टिटवीचीं अंडीं उबण्यास सुमारें चार आठवडे लागतात. तिचीं पिल्लें मात्र अंड्यांतून निघाल्यावर एका दिवसाच्या आंतच आईमागून धावूं लागतात. म्हणजे एप्रिल व मे हे दोन महिने या पक्ष्यांना जमीन हवी. आणि शेतकऱ्यासहि तीच जमीन त्याच दोन महिन्यांत हवी असते. गाळपेरीचें कडवळ व मका, वेलवर्गीय पिकें, मेंढरांची चराई, आणि अलीकडे गाळाची काढणी, हीं सारीं कामें त्याच वेळीं असतात. २०१७ सालीं सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केल्यापासून पुष्कळ पाझर तलावांत मे महिन्यांत जेसीबी यंत्रें व ट्रॅक्टर चालतात. २०१८-१९ च्या टंचाईंत जलाशयांखालील जमिनी चाऱ्याच्या पिकांसाठीं देण्यांत आल्या होत्या. हीं कामें अवश्य व्हावयास पाहिजेत. हलक्या माळरानावर पडलेला गाळ काय करतो हें शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाहीं, आणि दावणीचें जनावर उपाशी असतां पाखरांचें कौतुक करा असें सांगण्यास आम्ही धजणार नाहीं. परंतु दोहोंची सांगड घालतां येते, व ती घालण्यास पैसा लागत नाहीं. कोठें काय आहे तें ठाऊक असावें लागतें. तें आठवड्याच्या एका फेरीनें कळत नाहीं, रोजच्या पाहण्यानेंच कळतें.

याचें कारण पाण्याच्या उतारांत आहे. सुरय व आर्ली आपलीं घरटीं शक्यतों बेटावर करतात, कारण भोंवतालचें पाणी हेंच त्यांचें कुंपण. एप्रिलच्या आरंभीं ज्या उंचवट्याभोंवतीं गुडघाभर पाणी होतें तो महिनाअखेरीस कांठाला जोडला जातो. ज्या रात्रीं ती वाट कोरडी झाली त्या रात्रीं कुत्रें, कोल्हा किंवा मुंगूस तेथें पोंचतें, आणि शंभर अंड्यांची वसाहत एका रात्रींत संपूं शकते. उलट वळवाचा मोठा पाऊस झाला किंवा वरच्या धरणांतून पाणी सोडलें, तर पातळी चढून कांठालगतचीं अंडीं पाण्याखालीं जातात. रोज जाणाऱ्यास ही वाट कोरडी पडण्याच्या चार दिवस आधीं दिसते. त्या चार दिवसांत गांवच्या पोरांकडून त्या अरुंद जागीं एक चर खणून घेतला किंवा बाभळीच्या कांट्यांची आडवी ओळ टाकली, तरी कुत्र्यांना पुष्कळसा अटकाव होतो. मेंढपाळ बांधवांस विनंति करून तेवढा महिना कुत्रीं बांधून ठेवावीं व कळप दुसऱ्या बाजूनें पाण्यावर न्यावा. रात्रींचा पहारा कोणी करावा असें आमचें म्हणणें नाहीं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठीं, ही समजूत उन्हाळ्यांतल्या तळ्यावर अपुरी पडते. कोंबड्या पाळणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, अंडीं उबविण्याच्या यंत्रांत उष्णमान सुमारें साडेसदतीस अंश ठेवतात. तें त्याच्या फार वर गेलें तर आंतील जीव मरतो. मे महिन्यांत दुपारीं उघड्या वाळूचें उष्णमान पन्नास अंशांच्याहि पलीकडे जातें. म्हणून भर दुपारीं सुरय किंवा टिटवी अंड्यांवर पंख किंचित् पसरून उभी असते ती सांवली धरण्यासाठीं. नर-मादी आळीपाळीनें पाण्यावर जातात, पोटाचीं पिसें भिजवितात, आणि परत येऊन त्या ओलाव्यानें अंडीं व पिल्लें निववितात. कांठावर शांतपणें बसल्यास हा प्रकार अर्ध्या तासांत अनेकदां पाहावयास मिळतो. अशा वेळीं एखादा मनुष्य घरट्यांच्या मधोमध उभा राहिला, तर सारे पक्षी वर उठून ओरडत राहतात व अंडीं उन्हांत उघडीं पडतात. कावळ्यांची धाड तर असतेच. मोबाइलवर चित्र काढण्यासाठीं जवळ जाणारे हौशी लोक या बाबतींत कोल्ह्याच्याच पंक्तीस बसतात, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें. सबब घरट्यांच्या आसपास काम करणें भागच असेल तर तें सकाळीं नऊच्या आंत किंवा ऊन उतरल्यावर करावें. दहा ते पांच या वेळांत तिकडे फिरकूं नये.

नांगरतांना किंवा पेरतांना टिटवीचें घरटें कसें ओळखावें? ती स्वतःच सांगते. आपण दूर असतां ती गुपचूप उठून चालूं लागते व मग आकाशांतून ओरडते. आपण घरट्याजवळ आलों कीं ओरडण्याचा सूर चढतो व ती डोक्यावरून झेप घेऊं लागते. चिखल्या तर पंख मोडल्याचें सोंग करून फरफटत दुसऱ्याच दिशेला नेतो. ज्या दिशेनें तो नेतो तिच्या उलट बाजूस घरटें आहे असें समजावें. मग भोंवतीं पंधरा-वीस पावलांचें वर्तुळ सोडून औत वळवावें. खूण करावयाची तर काठी घरट्याशीं रोवूं नये, कावळे ती खूण लगेच शिकतात. दहा पावलांवर दोन दगड ठेवले तर पुरे. सोडलेली जागा गुंठ्यालाहि महाग पडत नाहीं, आणि टिटवीच्या बाबतींत ती महिन्याभरांत मोकळी होते. गाळ काढावयाचा असल्यास ज्या भागांत घरटीं आहेत तो भाग शेवटीं घ्यावा, व ट्रॅक्टरची वाट पहिल्या दिवशीं जी पडेल तीच पुढें चालूं ठेवावी. यंत्राच्या चालकास दोन दिवस आधीं नेऊन जागा दाखविल्यास तोहि आनंदानें वळून जातो, असा आमचा अनुभव आहे. मासेमारीच्या तुटलेल्या नायलॉनच्या जाळ्या कांठावर पडूं देऊं नयेत. सुरय व पाणकावळे त्यांत अडकून मरतात. वन्य पक्ष्यांचीं अंडीं उचलणें किंवा फोडणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हेंहि मुलांस सांगून ठेवावें.

टिटवीवरून आठवलें. तिचीं अंडीं उंचवट्यावर दिसलीं तर पाऊस भरपूर, खोलगट जागीं दिसलीं तर पाऊस बेताचा; आणि अंडीं चार असलीं तर चार महिने पाऊस, अशी आपल्याकडे समजूत आहे. टिटवी बहुधा चारच अंडीं घालते, तेव्हां तिच्या हिशेबानें दुष्काळ कधीं पडूंच नये. पण उंच-सखल जागेचें भाकीत खरें कीं खोटें, हें कोणाहि शेतकऱ्यास स्वतः पडताळून पाहतां येईल. दहा वर्षें दरसाल पंधरा-वीस घरट्यांची पाण्यापासूनची उंची लिहून ठेवावी आणि शेजारीं त्या वर्षीं पडलेला पाऊस लिहावा. आमचा या भाकितावर विश्वास नाहीं. तरीहि वही बोलेल तें आम्ही मानूं.

तळ्याच्या वरच्या अंगास जें कोरडें माळरान असतें तेथील एका पक्ष्याची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो म्हणजे पखुर्डी. कबुतराएवढा, कुसळी गवताच्या रंगाचा हा पक्षी दाण्यांवर जगतो आणि पाण्यापासून दूर माळावर अंडीं घालतो. उन्हाळ्यांत सकाळीं आठ ते दहाच्या दरम्यान पखुर्ड्यांचे लहान थवे दोन स्वरांची हांक देत पाण्यावर उतरतात, चार घोंट घेतात आणि उठतात. त्यांतला नर मात्र कधीं कधीं पाण्यांत पोट बुडवून कांहीं वेळ बसतो. त्याच्या पोटाचीं पिसें स्पंजासारखीं पाणी धरतात. तें पाणी घेऊन तो माळावर पिल्लांकडे उडत जातो, व पिल्लें त्याच्या पोटाखालीं शिरून पिसें चोखून तहान भागवितात. मीड-वाल्डो नांवाच्या इंग्रज गृहस्थानें पाळलेल्या पखुर्ड्यांत हें पाहून १८९६ सालीं लिहिलें, तेव्हां पुष्कळांनीं त्यावर विश्वास ठेवला नाहीं. पुढें १९६७ सालीं केड व मॅक्लीन या दोघांनीं आफ्रिकेंतील कलहारीच्या वाळवंटांत तेथल्या पखुर्ड्यांचा अभ्यास करून तें सिद्ध केलें. आपल्या माळावरील मेंढक्यास हा प्रकार पाहावयाला आफ्रिकेस जावें लागत नाहीं. पाण्याच्या कांठीं एका जागीं न हलतां तासभर बसावें लागतें. तळ्याची ज्या बाजूची उघडी, गवत नसलेली कड पखुर्ड्या रोज वापरतात ती बाजू सकाळच्या त्या दोन तासांत मोकळी ठेवली, एवढ्यानेंहि त्यांचें काम होतें.

आतां रोजच्या पाहण्याची रीति. वेळ एकच ठेवावी; सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. वाटहि एकच असावी, म्हणजे आजचा आंकडा कालच्या आंकड्याशीं ताडतां येतो. दुर्बीण असल्यास बरी, नसल्यास अडत नाहीं; सुरय, शेकाट्या, टिटवी हे साध्या डोळ्यांनीं ओळखतां येतात. पाण्याच्या कडेला पहिल्या दिवशीं एक खुंटी ठोकावी आणि दर आठ दिवसांनीं नव्या कडेला दुसरी. दोन खुंट्यांमधील अंतर पावलांनीं मोजलें कीं पाणी किती मागें गेलें तें कळतें, व हीच नोंद मोटार कधीं हलवावी लागेल याचाहि अंदाज देते. वहींत तारीख, वारा, पाण्याची कड, कोणते पक्षी किती, आणि बसलेले किंवा ओरडत उठलेले पक्षी कोठें, एवढें लिहावें. एखादा पक्षी दिसला नाहीं तर तेंहि लिहावें. नांव ठाऊक नसेल तर अंगाचा रंग, चोंच व पाय यांचें वर्णन लिहून ठेवावें. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या पक्षिकोशांत नांव पुढें शोधतां येतें. घरांत शाळेंत जाणारें मूल असेल तर मेच्या सुटींत हें काम त्याच्याकडे द्यावें. मोजण्यांत मुलें मोठ्या माणसांपेक्षां अधिक चोख असतात, असें आम्हांस दिसून आलें आहे.

मे संपत आला कीं गायबगळ्यांच्या डोक्यावर व पाठीवर नारिंगी रंग चढलेला असतो, झाडींत पावशा 'पेर्ते व्हा' म्हणूं लागतो, आणि काळा-पांढरा, शेंडीवाला चातक नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येऊन पोंचतो. चातक ज्या दिवशीं प्रथम दिसेल ती तारीख ठळक अक्षरांनीं लिहावी. मागाहून घातलेलीं सुरयाचीं व आर्लीचीं अंडीं या वेळीं अजून उबावयाचीं असतात. पाणी चढूं लागल्यावर त्यांतलीं कांहीं जाणारच, त्यास इलाज नाहीं. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानें ओढे वाहूं लागले व गढूळ पाणी शेवटच्या खुंटीवरून गेलें, म्हणजे त्या दिवसाची नोंद करून खुंट्या उपटून आणाव्या, वही कपाटांत ठेवावी आणि पाभर बाहेर काढावी.